तिसरा प्रयत्न

कॅर्डलाच्या ग्रंथालयात दर बुधवारी
मी वयस्कर माणसांना दारं उघडून देते:
दवाखान्याची चिठ्ठी, पेन्शन, फेरीबोटीचं तिकीट,
सगळी दारं एका पडद्यातली.
नोव्हेंबरात आमच्या बेटावर चारच्या आत दिवे लागतात.

विर्वेबाई आल्या. पायपुसण्यावर बूट घासले,
कागदात गुंडाळलेला धुरी दिलेला मासा टेबलावर ठेवला
(ही फी, नको म्हटलेलं चालत नाही)
आणि नवं ओळखकार्ड पुढं सरकवलं.
"काइए, चारच आकडे?
माझ्या खुराड्याला याहून मोठं कुलूप आहे."

त्यांच्या हिल्लारचा पासवर्ड एकोणीस अक्षरी होता.
होडीचं नाव, मधे एक उद्गारचिन्ह,
शेवटी मेलेल्या कुत्रीचं नाव, उलटं.
टाइप करताना तो ओठ हलवायचा, पाढे म्हणावेत तसे.
आणि सगळीकडे तोच: बँकेत, मेलला, जाळी विकणाऱ्या दुकानात.
मग एका वसंतात त्या दुकानाची यादी कुणी पळवली
आणि दूर कुठल्याशा शहरात
हिल्लारच्या नावानं अकरा शिवणयंत्रं मागवली गेली.
एकही बेटावर पोचलं नाही.
"पासवर्ड चांगला होता," विर्वेबाई अजून म्हणतात.

चांगलाच होता. पण परवलीचा शब्द
पलीकडच्या पहारेकऱ्याला सांगावाच लागतो,
आणि पहारेकऱ्याचा डगला कुणीही चढवतो.
एकदा शब्द फुटला की चोराला
बेटावर यायचंही कारण नाही.

"आणि हे चार आकडे?"

हे कुणालाच सांगायचे नाहीत. बँकेला नाही, सरकारला नाही.
हे फक्त या चिपच्या कानात.
ती आतल्या आत पटवून घेते, बाहेर जाते ती तिची सही.
आकडे इथंच राहतात, या टेबलावर, माशाशेजारी.
चोराला आधी तुमची पिशवी हवी,
म्हणजे सव्वा तासाचा समुद्र, मग जुनिपरची वाट,
मग तुमचा कुत्रा.
एवढं करून तीनच वेळा चुकता येतं.
तिसऱ्यांदा चिप तोंड मिटून घेते.

"फक्त १२३४ नको," मी म्हटलं. "आणि जन्मतारीख नको, कुणाचीच."

त्या गप्प झाल्या. मग पाकिटातून
दुसरं कार्ड काढलं, कोपरा झिजलेलं.
हिल्लारचं.
ते रद्द झालंय, मी सांगितलं, कुठलंच दार उघडणार नाही.
"ठाऊक आहे. पण विचारतं ना अजून?"
विचारतं.
चिपला माणूस गेल्याचं कुणी कळवत नाही.

"आधी लग्नाचं साल टाकून पाहिलं. चूक.
मग होडीचा नंबर. चूक.
बेचाळीस वर्षं, काइए. चार आकडे."

मी यंत्र त्यांच्याकडं वळवलं. कार्ड आत गेलं.
पडद्यावर: एक प्रयत्न शिल्लक.

बोटं कळांवर आली, थांबली.
"एक तारीख आहे," त्या म्हणाल्या.
"आम्ही दोघं तिच्याबद्दल कधी बोललो नाही.
तो विसरला असेल असं मी धरून चालले."

तापलेल्या पाइपांमधून पाणी सरकल्याचा आवाज आला.
कुणीतरी मासिकाचं पान उलटलं.

त्यांनी कार्ड बाहेर ओढलं,
पदार्थाची चव न घेताच चमचा खाली ठेवावा तसं,
आणि पुन्हा पाकिटात घातलं, आतल्या कप्प्यात.
"राहू दे शिल्लक."

मग स्वतःचं नवं कार्ड लावलं.
नवा पिन टाका, पडदा म्हणाला.
अशा वेळी मी मान फिरवते, तो नियमच आहे.
खिडकीत माझाच चेहरा, त्यामागं अंधार.
पाठीमागं चार कळा वाजल्या,
न अडखळता.
पुन्हा एकदा टाका, पडदा म्हणाला.
पुन्हा त्याच चार.

मी काहीच विचारलं नाही.